बाबांची लॉसची वही

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा बाबांनी विचारले, की प्रकाशावर चालणारा क्वांटम संगणक खरोखर होणार आहे, की चांगली नोकरी सोडून मी मृगजळामागे धावते आहे. फोनवर नीट सांगता आले नाही, म्हणून हे पत्र.

बाबा, आमची मुख्य अडचण तुम्हाला कोणापेक्षाही लवकर कळेल. वर्धा रोडच्या कडेला भर उन्हात फायबर जोडल्यावर तुम्ही प्रत्येक सांध्याचा लॉस वहीत टिपून ठेवत होतात. चांगल्या फायबरमध्ये किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल प्रकाश घटतो, म्हणजे सीताबर्डीहून बुटीबोरीला पोहोचेपर्यंत शंभरातले सत्तरेक फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, वाटेतच संपतात. तुम्ही मध्ये ॲम्प्लिफायर बसवून ती घट भरून काढत होतात. आम्हाला ती सोय नाही, कारण आमची माहिती एकेका फोटॉनच्या क्वांटम अवस्थेत असते आणि अज्ञात क्वांटम अवस्थेची हुबेहूब प्रत काढून ती वाढवणे निसर्गनियमानेच अशक्य आहे. आमचा प्रकाश ज्या चिपवरून फिरतो, तिच्यावरचे अंतर मिलिमीटरांत असले, तरी प्रत्येक वळणावर आणि जोडावर प्रकाश गळतोच.

शिवाय फोटॉन एकमेकांना जवळजवळ दाद देत नाहीत, मग त्यांच्यात गणित घडवायचे कसे? एकेकटे फोटॉन, प्रकाश विभागणारे आरसे आणि फोटॉन टिपणारे शोधक एवढ्यावरही ते साधते, हे निल, लाफ्लाम आणि मिलबर्न या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये दाखवले. मात्र त्यातली प्रत्येक क्रिया कधी जमते, कधी फसते, आणि म्हणून पुष्कळ जास्तीचे फोटॉन हाताशी ठेवावे लागतात.

२०२० मध्ये चीनच्या हफेई येथील जिउझांग यंत्राने ७६ फोटॉन टिपले, पण त्याने सोडवलेल्या कोड्याचा व्यवहारात उपयोग नव्हता. मला २०२५ चे टोरांटोच्या झॅनाडू कंपनीचे ऑरोरा अधिक मोलाचे वाटते: ३५ चिप आणि १३ किलोमीटर फायबर यांनी जोडलेले, सुटे भाग वाढवत नेता येतील असे यंत्र. त्यालाही लॉस अजून पुष्कळ कमी करायचा आहे.

आई, तू काळजी करू नकोस. खरोखर उपयोगी यंत्र यायला माझ्या अंदाजाने दहा वर्षे तरी लागतील. पण आपल्या सरकारच्या २०२३ च्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्येही प्रकाशाच्या मार्गाला स्थान आहे, आणि मला हेच काम करायचे आहे.

बाबा, सध्या माझे दिवस चिपला फायबर जोडण्यात जातात. दिवाळीला येईन, तेव्हा तुमची ती लॉसची वही काढून ठेवाल का? सांधा पुन्हा कधी तोडायचा आणि कधी तसाच राहू द्यायचा, हे मला तुमच्याकडून शिकायचे आहे.

तुमची लेक