युरोप सहलीच्या माहितीपत्रकात विजेसाठी एक पान हवे

माननीय संपादक,

सादर नमस्कार.

सहल कंपनीबरोबर युरोपला निघणाऱ्या प्रवाशांच्या हाती जे माहितीपत्रक दिले जाते, त्यात गरम कपडे किती घ्यावेत, बूट कसे असावेत, औषधांची चिठ्ठी कुठे ठेवावी, हे सारे बारकाईने लिहिलेले असते. विजेवर चालणाऱ्या वस्तूंबद्दल मात्र माझ्या पाहण्यात आलेल्या पत्रकांमध्ये ‘युनिव्हर्सल ॲडॉप्टर सोबत ठेवावा’ या ओळीपलीकडे काही नव्हते. विमानाचा बोर्डिंग पास, संग्रहालयाचे तिकीट, टूर मॅनेजरचे निरोप आणि पैसे हे सगळेच आता फोनमध्ये असते. अशा वेळी ही ओळ फारच अपुरी पडते. तिच्या जागी एक पूर्ण पान असावे, अशी सूचना करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

एकट्याने फिरणारा प्रवासी दुपारी कुठेतरी बसून तासभर फोन चार्जिंगला लावू शकतो; गटाच्या सहलीत ही मुभा नसते. रात्री आठ-नऊच्या सुमारास हॉटेलवर पोचायचे आणि सकाळी सात वाजता बॅगा लॉबीत आणून ठेवायच्या, हा क्रम बहुधा रोजचाच असतो. त्यामुळे जेवण आणि आवराआवर वगळता चार्जिंगला रात्रीचे सात-आठ तासच मिळतात, आणि तेवढ्या वेळात दोघांच्या खोलीतील दोन फोन, घड्याळे, इअरबड, कॅमेऱ्याची बॅटरी आणि पॉवर बँक यांचा नंबर लागावा लागतो. खोलीतली सॉकेट मोजकी असतात, त्यांपैकी एखादे दिव्याने अडवलेले असते आणि एखादे पलंगामागे असते. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे सुमारे ७४ वॉट-तास ऊर्जा. जुन्या ५ वॉटच्या चार्जरवर ती भरायला पंधरा तासांहून अधिक वेळ लागतो, म्हणजे रात्रभर लावूनही ती सकाळी अर्धीच भरलेली मिळते. २० वॉटचा चार्जर आणि तेवढी वीज घेऊ शकणारी पॉवर बँक असेल, तर तेच काम पाचेक तासांत आटोपते. चार्जर किती वॉटचा घ्यावा, याचा उल्लेख पत्रकात का नसावा, हे मला आजवर उमगलेले नाही.

प्लगच्या बाबतीत तर गैरसमजच अधिक आहेत. युरोपात आणि ब्रिटनमध्येही घरगुती वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची, म्हणजे आपल्यासारखीच असते, त्यामुळे आपल्याकडून जाणाऱ्याला दाब बदलणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची गरज नसते. प्रश्न उरतो तो फक्त पिनांचा. आपल्याकडच्या बहुतेक फोन-चार्जरना असणाऱ्या दोन बारीक गोल पिना ४ मिलिमीटर जाडीच्या असतात आणि त्या युरोपच्या मुख्य भूमीवरील जवळजवळ सर्व देशांत थेट बसतात. आपला तीन पिनांचा प्लग मात्र तिथे बसत नाही. त्याच्या दोन पिना ५.१ मिलिमीटर जाडीच्या असतात, तर जर्मनी-फ्रान्सकडील सॉकेट ४.८ मिलिमीटरच्या पिनांसाठी बनवलेले असते; अर्थिंगच्या जाड पिनेला तर तिथे जागाच नसते. लॅपटॉपच्या अडचणीवर सोपा उपाय आहे. भिंतीपासून ॲडॉप्टरच्या ठोकळ्यापर्यंत जाणारी वायर सहसा सुटी निघते, तेव्हा तेवढीच युरोपीय प्लगची घ्यावी, म्हणजे वेगळ्या जोडणीची गरज उरत नाही.

चौकोनी ठोकळ्यासारखा ‘युनिव्हर्सल’ ॲडॉप्टर हा या सहलीसाठी फारसा चांगला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया, नेदरलँड्स, स्पेन या देशांत सॉकेट गोल खोलगट वाटीत बसवलेले असते, आणि ठोकळ्याचे कोपरे वाटीच्या कडेला अडले की पिना आत पुरेशा पोचत नाहीत. फ्रान्स, बेल्जियम, पोलंड आणि चेक प्रजासत्ताक येथे अर्थिंगची पिन सॉकेटमधूनच बाहेर आलेली असते आणि तीही काही ठोकळ्यांना आडवी येते. स्वित्झर्लंडचे सॉकेट अरुंद आणि षटकोनी असते. त्यात दोन बारीक गोल पिनांचा चपटा प्लग बसतो, पण जर्मन पद्धतीचा जाड गोल प्लग बसत नाही. इटलीत तीन छिद्रे एका ओळीत असतात. या सगळ्या देशांत निमूटपणे बसणारी एकच वस्तू आहे, ती म्हणजे दोन बारीक गोल पिनांच्या चपट्या प्लगचा, अनेक यूएसबी जोडण्या असलेला एक चार्जर. तो घेताना एवढेच पाहावे की सर्व जोडण्या एकदम वापरल्यावर वीज विभागली जाते. तेव्हा खोक्यावरचा मोठा आकडा न पाहता प्रत्येक जोडणीला किती वॉट मिळतात ते वाचावे. सहल लंडनपासून सुरू होत असेल, तर ब्रिटनच्या तीन चौकोनी पिनांसाठी वेगळा छोटा ॲडॉप्टर लागतो. तिथल्या सॉकेटला आपल्यासारखे बटण असते. मुख्य भूमीवर ते सहसा नसते, प्लग खोचला की वीज सुरू. बटणाची सवय असलेले सहप्रवासी ते शोधत भिंत चाचपताना दिसतात, आणि उलट लंडनमध्ये बटण दाबायचे राहून गेल्याने सकाळी फोन रिकामाच निघतो.

केटल, इस्त्री, केस वाळवण्याचे यंत्र या वस्तू मात्र पानावर स्पष्ट नकारासह छापाव्यात. दोन बारीक गोल पिनांचा चपटा प्लग २.५ अँपिअरसाठी, म्हणजे २३० व्होल्टला सुमारे ५७५ वॉटसाठी असतो; १,५०० वॉटची केटल साडेसहा अँपिअर ओढते. चार्जरसाठी घेतलेल्या हलक्या ॲडॉप्टरवर ती लावली, तर तो तापतो, वितळतो आणि हॉटेलचा धूर-इशारा वाजण्याइतकी वेळ येऊ शकते. अनेक हॉटेले खोलीत अशा वस्तू वापरू देत नाहीत, ते उगाच नव्हे. एक्स्टेंशन बोर्डाबद्दल माझा आक्षेप नाही. छोट्या वायरचा, फक्त चार्जरपुरता वापरलेला बोर्ड खरोखर उपयोगी पडतो, पण त्याचा प्लग तिथल्या सॉकेटला बसणारा आणि अर्थिंगचा असावा, आणि तो केटलीसाठी नाही हे घरातल्या सर्वांना आधी सांगून ठेवावे.

विमानप्रवासाचे नियम हा या पानाचा सर्वांत महत्त्वाचा भाग ठरेल. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत, त्या सोबतच्या हँडबॅगेतच न्याव्या लागतात. कारण बॅटरी तापून पेटली, तर केबिनमध्ये ती कर्मचाऱ्यांना दिसते आणि विझवता येते. सामानाच्या कप्प्यात ते शक्य नसते. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक सामान्यतः परवानगीशिवाय चालते, १०० ते १६० वॉट-तासांसाठी विमान कंपनीची मंजुरी लागते आणि त्यावरची प्रवाशांना नेता येत नाही. हिशेब सोपा आहे : एमएएचच्या आकड्याला ३.७ ने गुणून हजाराने भागावे. ज्यावरचा आकडा पुसला गेला आहे अशी पॉवर बँक सुरक्षा तपासणीत काढून घेतली जाऊ शकते. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियातील बुसान येथे एअर बुसानचे विमान उड्डाणापूर्वी जमिनीवरच पेटले, तेव्हा संशय पॉवर बँकेवर गेला होता. त्यानंतर त्या देशाने त्या वर्षीच्या मार्चपासून पॉवर बँका डोक्यावरच्या कप्प्यात ठेवण्यास मनाई केली. सिंगापूर एअरलाइन्सने १ एप्रिल २०२५ पासून विमानात पॉवर बँकेवरून चार्जिंग बंद केले आणि एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात तिचा वापरच बंद करून प्रत्येक प्रवाशाला एकच नेण्याची मर्यादा घातली. युरोपला जाणारे बरेच प्रवासी आखाती देशांमार्गे जातात, हे लक्षात घेता आपले तिकीट कोणत्या कंपनीचे आहे आणि तिचा आजचा नियम काय आहे, हे सहल कंपनीने निघण्याच्या आठवड्यात कळवायला हवे. मागच्या हंगामाचे छापील पत्रक इथे चालणार नाही.

हॉटेलात एक खाचखळगा आहे, जो प्रवाशाला कोणी आधी सांगत नाही. अनेक हॉटेलांत दरवाजाजवळच्या खाचेत किल्लीचे कार्ड घातले तरच खोलीची वीज चालू राहते. कार्ड घेऊन जेवायला खाली उतरलात की चार्जिंगही थांबते, आणि रात्रीच्या तुटपुंज्या वेळातला तासभर असाच जातो. स्वागतकक्षाकडे दुसरे कार्ड मागावे, किंवा खोलीतला छोटा फ्रिज ज्या सॉकेटवर चालतो ते कार्डाविना चालू राहते का, हे पाहावे. न्हाणीघरातले सॉकेट अनेकदा केवळ शेव्हरसाठी असते. ब्रिटनमध्ये तर तसे लिहिलेलेच आढळते, त्यावर फोन लावू नये.

बसमधल्या यूएसबी जोडणीवर फार भिस्त ठेवू नये. ती सर्व बसना नसते, असली तरी तिचा वेग बेताचा असतो, आणि युरोपीय संघाच्या नियमानुसार चालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावी लागते, तेव्हा गाडी बंद असताना तीही बहुधा बंद असते. टूर मॅनेजरने पहिल्याच दिवशी बसमधील कोणत्या जोडण्या चालतात ते सांगितले, तर आसनांवरून होणारी कुरबुर टळेल. गाडी थांबल्यावर फोन, टॅब किंवा लॅपटॉप आसनावर सोडून उतरू नये. पॅरिस, रोम आणि बार्सिलोना या शहरांत खिसेकापूंचा सुळसुळाट किती आहे, हे तिथे जाऊन आलेल्यांना ठाऊक आहे.

स्वित्झर्लंडचा टप्पा असेल, तर दोन गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. युंगफ्राउयोखचे स्थानक समुद्रसपाटीपासून ३,४५४ मीटरवर आहे. तेथील थंडीत लिथियम बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते आणि तीस टक्के दाखवणारा फोन एकाएकी बंद पडू शकतो. तो आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा, आणि गोठलेल्या अवस्थेत लगेच चार्जिंगला लावू नये. दुसरी गोष्ट सिमकार्डाची. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात एका सदस्य देशाचे सिम दुसऱ्या देशात जादा शुल्काविना वापरता येते, पण स्वित्झर्लंड त्या संघात नाही आणि ब्रिटन बाहेर पडला आहे. म्हणून युरोपसाठी घेतलेल्या ई-सिमच्या यादीत ही दोन्ही नावे आहेत का, हे विकत घेतानाच पाहावे. कॅमेऱ्याचे घड्याळही उतरल्याबरोबर तिथल्या वेळेशी जुळवावे. फोनचे आपोआप जुळते, कॅमेऱ्याचे नाही, आणि मग घरी आल्यावर दोघांची छायाचित्रे एकत्र लावताना क्रम बिघडतो.

केबलबद्दल एक दिलासा आहे. युरोपीय संघाच्या नियमाने २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोन, टॅब, डिजिटल कॅमेरे आणि हेडफोनना यूएसबी-सी हीच चार्जिंगची जोडणी बंधनकारक झाली आहे, त्यामुळे सी केबल हरवली तर दुसरी मिळणे अवघड नाही. जुन्या कॅमेऱ्याचा वेगळा चार्जर मात्र घरी राहिला, तर रोज गाव बदलणाऱ्या सहलीत तो शोधायला कुणाला वेळ मिळतो? संग्रहालयांत गटाला मिळणाऱ्या श्रवण-संचासोबतचे इअरफोन सर्वांना सोयीचे नसतात. संचाला साडेतीन मिलिमीटरची जोडणी असेल, तर स्वतःचे तारेचे इअरफोन चालतात, म्हणून ते बॅगेत असावेत. सेल्फी स्टिकचे ओझे नेऊ नये. लूव्ह्र संग्रहालयात ती चालत नाही. कॅमेऱ्याच्या ड्रोनसाठी युरोपीय संघात चालकाची नोंदणी लागते आणि पॅरिसवर उडवायला मनाई आहे, तेव्हा गटाच्या सहलीत ड्रोन घरीच ठेवलेला बरा.

शेवटी ज्येष्ठ प्रवाशांबद्दल एक विनंती. गटाच्या सहलींत त्यांची संख्या मोठी असते, आणि श्रवणयंत्राचा चार्जर किंवा झोपेत श्वासासाठी वापरायचे सीपॅप यंत्र ही त्यांची गरजेची साधने आहेत. सीपॅप यंत्राचा वीजपुरवठा सहसा १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे अडचण दाबाची नसते, अडचण असते पलंगाजवळ सॉकेट नसण्याची. सहलीच्या नोंदणी-अर्जातच अशा यंत्राची नोंद करायला एक रकाना ठेवावा, ती माहिती हॉटेलांकडे आधी पोचवावी, आणि खोली देताना पलंगाजवळ सॉकेट असलेली खोली त्या प्रवाशासाठी राखून ठेवावी. हॉटेलचे आरक्षण सहल कंपनीच्याच हातात असते, तेव्हा हे काम प्रवाशाने मध्यरात्री स्वागतकक्षात उभे राहून स्वतः करावे, अशी अपेक्षा ठेवणे योग्य नव्हे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक