बटण चमकतं त्याबद्दल

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, बेडरूमच्या ट्यूबचं बटण बंद करताना आत निळं चमकतं. आणि मी तोंड उघडायच्या आत पुढे, "पण एमसीबी पडला नाही, म्हणजे ठीकच असेल." एमसीबी म्हणजे मेन बोर्डावरचा, बिघाड झाला की आपोआप खाली पडणारा स्विच. त्या दुसऱ्या वाक्यासाठी हे पत्र.

चमकण्यात नवल नाही. बटणातले दोन काँटॅक्ट सुटतात तेव्हा वाहता करंट मधल्या फटीतून उडी मारतो. आपल्याकडचा एसी करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, म्हणून ती ठिणगी लगेच विझते. अंधारात बारीकशी चमक आणि कोरडा 'टक्' एवढंच असेल, तर झोप निवांत. तुमची ट्यूब जुन्या तांब्याच्या चोकवाली, म्हणजे करंट आवरणाऱ्या तारेच्या गुंडाळीची आहे. चोक किंवा पंखा बंद करताना ठिणगी साध्या बल्बपेक्षा मोठीच पडते. बटण अर्ध्यावर रेंगाळत दाबू नकोस, तेवढा वेळ ठिणगी जास्त टिकते.

काळजी वेगळ्याच गोष्टींची. बंद केल्यावर किंवा ट्यूब चालू असताना चरचर ऐकू येते का? प्लेट हाताला गरम लागते का? प्लॅस्टिक पिवळं-तपकिरी पडलंय? जळका, मासळीसारखा वास? ट्यूब मधूनच लुकलुकते? यातलं एक जरी असलं, तरी ते बटण वापरायचं नाही. बहुतेक वेळा आत वायरचा स्क्रू सैल झालेला असतो, नाहीतर काँटॅक्ट जळून खडबडीत झालेले असतात.

आता एमसीबीचं. तो जास्त करंट किंवा शॉर्ट सर्किट ओळखतो. सैल जोडात करंट वाढतच नाही, झालाच तर थोडा कमी होतो, आणि तेवढ्या एका जागी उष्णता साठत जाते. घरमालकांनी कौतुकाने दाखवलेला आरसीसीबी, म्हणजे शॉकपासून वाचवणारा स्विच, तोसुद्धा करंट बाहेर गळला तरच पडणार. आपल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात वितळलेलं बटण काउंटरवर ठेवणारे बहुतेक लोक तुझंच वाक्य म्हणतात गं, ऐकून कंटाळा आलाय.

वरच्यापैकी काही दिसलं तर वायरमन येईपर्यंत त्या खोलीचा एमसीबी खाली ठेव आणि त्यावर चिठ्ठी चिकटव. तुझी रूममेट 'लाइट गेली वाटतं' म्हणून तो वर करेल, तिचा भरवसा नाही. स्वतः बोर्ड उघडू नकोस. तुला जमणार नाही असं नाही, पण जुन्या इमारतीत एकाच बोर्डात दोन एमसीबींच्या वायरी निघतात, तेव्हा एक पाडून भागत नाही. वायरमनशेजारी उभी राहा मात्र. त्याने टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये लावून पाहिला का, ते बघ. बिघडलेला टेस्टर 'करंट नाही' असंच सांगतो. वायरचं टोक काळं, कडक झालं असेल तर नुसता स्क्रू आवळून भागत नाही. तेवढा तुकडा कापून नवं टोक सोलायला सांग. बटण फेजवर (करंट आणणाऱ्या वायरवर) आहे की न्यूट्रलवर (परतीच्या वायरवर), तेही तपासायला लाव. न्यूट्रलवर असलं तर बटण बंद असतानाही ट्यूबच्या पट्टीत करंट राहतो.

नवं बटण आयएसआय मार्कचं आणि जुन्याच कंपनीचं घे, दुसरं त्या प्लेटमध्ये बसेलच असं नाही. ट्यूबला 6 अँपियरचं पुरे. हो, आणि त्याच बोर्डावरच्या लहान, 6 अँपियरच्या सॉकेटला मल्टिप्लग लावून इंडक्शन शेगडी चालवता ना तुम्ही? 2000 वॉट म्हणजे जवळजवळ 9 अँपियर. ती आजपासून स्वयंपाकघरातल्या 16 च्या सॉकेटवर.

खर्च घरमालकांकडून घे, लाजू नकोस. जळकं बटण टाकून देऊ नकोस, गणपतीला येताना घेऊन ये. फोडून बघायचंय मला.

तुझी,
आई