कसाब, बिर्याणी आणि माझा मेव्हणा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

26/11 च्या, म्हणजे 2008 च्या मुंबई हल्ल्यातल्या आरोपी तहव्वूर राणाला अमेरिकेतून आणलं तेव्हापासून, म्हणजे एप्रिल 2025 पासून, आमच्या फॅमिली ग्रुपवर कसाब, त्या हल्ल्यात जिवंत सापडलेला एकमेव अतिरेकी, परत जिवंत झालाय. आधी बिर्याणी (तो म्हणे जेलमध्ये मटण बिर्याणी मागायचा), मग तो फोटोतला हातातला धागा, मग एटीएसप्रमुख हेमंत करकरेंना गोळी नक्की कोणी मारली, आणि परवा मेव्हण्याने टाकलं की कसाबला फाशी झालीच नव्हती, तो डेंग्यूने आधीच गेला होता आणि फाशी हे नाटक होतं. मेव्हणा माणूस चांगला आहे हो, बँकेत आहे, चेकवर सही जुळली नाही तर पास करणार नाही, पण मोबाईलवर काहीही आलं की लगेच पुढे ढकलतो.

डेंग्यूचं म्हणाल तर त्याला नोव्हेंबर 2012 च्या सुरुवातीला तापाची लक्षणं होती अशा बातम्या खरंच आल्या होत्या, आणि 21 तारखेला सकाळी साडेसातला येरवड्यात गुपचूप फाशी दिली, तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटलांनी नंतर जाहीर केलं, तिथेच पुरला. आता सगळं गुपचूप केल्यावर लोक बोलणारच, त्यात मी लोकांना दोष देत नाही. पण "मला नंतर कळलं" म्हणजे "झालंच नाही" असं कसं होईल?

धाग्याचं पण तसंच. सीएसटीच्या फोटोत मनगटावर धागा दिसतो म्हणून तो हिंदू, मग तो इथलाच, मग हे सगळं आपल्याच लोकांनी केलं, इथपर्यंत लोक दोन मिनिटात पोचतात. अहो ह्या हल्लेखोरांकडे हिंदू नावांची खोटी ओळखपत्रं होती. तपास करणारे पोलीस अधिकारी राकेश मारियांनी 2020 मध्ये आत्मचरित्रात लिहिलं की प्लॅनप्रमाणे हा बेंगळुरूचा समीर दिनेश चौधरी म्हणून मरणार होता. म्हणजे धागा बघून जो निष्कर्ष आपण काढावा म्हणून त्यांनी बांधला तोच आपण इतक्या वर्षांनी फुकटात काढतोय. पोलीस तुकाराम ओंबळेंनी गिरगाव चौपाटीवर हातात नुसती काठी असताना एके-47 ची नळी धरून ठेवली, पोटात गोळ्या घेतल्या, म्हणून तो जिवंत सापडला. नाहीतर समीर चौधरीच राहिला असता.

आणि शंका घेणाऱ्यात कसाब स्वतः पण मागे नव्हता बरं का. आधी म्हणाला मी 17 वर्षांचा आहे, तर डॉक्टरी तपासणी झाली, आणि जेलमध्ये त्यानेच जन्मतारीख 13 सप्टेंबर 1987 सांगितलेली निघाली. जुलै 2009 मध्ये कोर्टात अचानक उभा राहून सगळं कबूल केलं, आणि डिसेंबरमध्ये फिरला, म्हणे मी सिनेमाच्या नादाने मुंबईत आलो होतो, पोलिसांनी मला हल्ल्याच्या 20 दिवस आधीच जुहूला उचललं. तरी त्याला वकील दिला, सहाशेच्या वर साक्षीदार तपासले, त्यात दहा वर्षांची पोरगी, पायात गोळी लागलेली, कुबड्या घेऊन आली आणि त्याला ओळखून गेली.

पण मेव्हण्याला मी जे सांगितलं आणि ज्यासाठी खरं हे पत्र लिहितोय ते वेगळंच आहे. त्या खटल्यात कोर्टाने शंका घेतली होती, आणि ती मान्यही केली होती! कसाबबरोबर फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद असे दोन भारतीय आरोपी होते, आरोप असा की यांनी मुंबईचे नकाशे काढून दिले. पुरावा काय, तर कसाबचा साथीदार, मेलेल्या अबू इस्माईलच्या पँटच्या खिशात सापडलेला नकाशा. पँट रक्ताने भिजलेली आणि नकाशा कोरा करकरीत, ना डाग ना चुरगळा. खटल्याचे न्यायाधीश तहलियानी साहेबांनी 3 मे 2010 ला दोघांना सोडलं. अख्खी मुंबई रक्त मागत होती तेव्हा. हायकोर्टाने ते कायम ठेवलं, ऑगस्ट 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने पण. त्याच निकालांनी कसाबची फाशी पण कायम केली. ह्याला शंका म्हणतात, कागद हातात घेऊन, उजेडात धरून बघितलेली.

करकरेंबद्दल सांगायचं तर मे 2024 मध्ये निवडणुकीच्या ऐन गर्दीत काँग्रेसचे विजय वडेट्टीवार बोलून गेले की गोळी कसाबची नव्हतीच, आणि अंगावर आल्यावर म्हणाले हे माझं नाही, माजी पोलीस अधिकारी मुश्रीफांच्या पुस्तकात आहे. अहो करकरे ज्या पोलिसांच्या क्वालिस गाडीत होते त्यात हवालदार अरुण जाधव पण होते ना, मागच्या सीटवर, गोळ्या लागलेले, अंगावर साथीदारांची प्रेतं, आणि पुढे कसाब आणि इस्माईल बसून गाडी चालवतायत. त्यांनी कोर्टात साक्ष दिली. त्यांना विचारायचं सोडून आपण पुस्तक विचारतो. त्याच गाडीत शहीद झालेल्या अशोक कामटेंच्या पत्नी विनिता कामटेंनी माहितीच्या अधिकारात कंट्रोल रूमचे रेकॉर्ड मागितले, कविता करकरेंनी नवऱ्याचं बुलेटप्रूफ जॅकेट कुठे गेलं विचारलं, तर उत्तर काय मिळालं, की सफाई कर्मचाऱ्याने कचऱ्यात टाकलं. हे प्रश्न खरे होते, बायकांनी रडत रडत विचारलेले, आणि ते ह्या फॉरवर्डच्या ढिगाऱ्याखाली गेले.

आता बिर्याणी. ह्यात मी पण गुन्हेगार आहे. ऑफिसात, लोकलमध्ये, लग्नात, मी स्वतः कितीतरी वेळा सांगितलंय की तिकडे लोक मेले आणि हा मटण बिर्याणी मागतोय. मार्च 2015 मध्ये त्या खटल्यातले सरकारी वकील उज्ज्वल निकमांनी जयपूरला सांगून टाकलं की ती गोष्ट मीच रचली होती. राखीच्या दिवशी कसाबच्या डोळ्यात पाणी आलं असं काहीतरी टीव्हीवर चाललं, सहानुभूती तयार व्हायला लागली, ती मोडायला. म्हणजे 166 माणसं मारल्याचा पुरावा समोर असताना वर एक बिर्याणी कशाला लागली? मला निकमांचा राग नाही आला तेवढा माझा आला, मी न विचारता गिळली. मेव्हण्याला कोणत्या तोंडाने बोलू?

आमचे बाबा कात्रणं ठेवायचे, ट्रंकेत फाईल आहे, 26/11 ची वेगळी. ते गेल्यावर मी परवा पहिल्यांदा उघडली. बिर्याणीची कात्रणं तीन आहेत, एकावर बाबांनी लाल पेनने "निर्लज्ज" असं लिहिलंय. 2015 च्या कबुलीचं एकही नाही, आणि बाबा तेव्हा रोज दोन पेपर वाचायचे, म्हणजे कुठेतरी आत छोटीशी आली असणार आणि त्यांच्या नजरेतून सुटली. तुमच्याकडे जुना अंक असेल तर त्या बातमीची झेरॉक्स पाठवाल का, पोस्टाचा खर्च मी देतो. फाईलला लावायची आहे.

आपला,
एक जुना वाचक, कल्याण