तात्या, तुमची वही अजून माझ्याकडेच आहे

तात्या, नमस्कार. हे पत्र तुमचा नातू मोबाईलवर वाचून दाखवेल म्हणून सगळं बोलल्यासारखंच लिहितेय, आणि उघडं लिहितेय कारण गेल्या जानेवारीत आमची फॉरेस्ट पॉलिसीची आंतरराष्ट्रीय मीटिंग झाली तिचं कौतुक आमच्या संस्थेला मिळालं, पेपरात फोटो आला, साताऱ्यात सत्कार झाला, शाल मिळाली, आणि त्या सगळ्यात तुम्ही कुठंच नव्हता. नाव घालू नकोस म्हणालात म्हणून इथंही नुसतं तात्याच लिहिते, पण आभार मात्र चारचौघांत मानणार.

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. पाच-सहा देशांतल्या संस्थांनी मिळून ही मीटिंग ठरवली होती, नेपाळ, केनिया, इंडोनेशिया, फिनलंड अशी माणसं येणार, तीन दिवस पुण्यात हॉलमध्ये चर्चा आणि चौथा दिवस साताऱ्याच्या रानात. चौथा दिवस माझ्याकडे होता आणि मराठी कागदपत्रं पण माझ्याकडे. 2023 च्या ऑक्टोबरात देहरादूनच्या फॉरेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये युनोच्या जंगलांवरच्या फोरमसाठी भारताने अशीच एक बैठक घेतली होती, वणवे आणि सर्टिफिकेशन (म्हणजे लाकूड नीट राखलेल्या जंगलातलं आहे याचा दाखला) हे विषय धरून, तिचा कार्यक्रम समोर ठेवूनच आम्ही आमचा बेतला. कागदावर सगळं छान दिसत होतं, तारीख एप्रिलचा तिसरा आठवडा, कारण पुण्यातला हॉल तेव्हा मोकळा होता.

तो कागद घेऊन मी सप्टेंबरात तुमच्याकडे आले. रविवार निवडला ही चूकच, कास रोडला फुलं बघायला आलेल्या गाड्यांची रांग लागलेली, बामणोलीला पोचेपर्यंत दुपार झाली, मग लाँचने शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचं पाणी, ओलांडून वर चढून आले तर तुम्ही पडवीत बसून विळ्याची मूठ बसवत होता. चहा झाला. तुम्ही कागद हातात घेतला, चष्मा लावला, आणि फक्त तारखेवर बोट ठेवलंत.

"एप्रिलात आमी कुटं असतो ठावं हाय का पोरी? डोंगरावर. वणव्यामागं."

आणि आत जाऊन ती वही आणलीत. जुनी दोनशे पानी, कव्हर गेलेलं, दोऱ्याने शिवलेली. वनमजूर म्हणून लागल्यापासून ते रिटायर होईपर्यंत प्रत्येक वणव्याची एक ओळ: कुठल्या घळीतून लागला, वारा खालून वर की आडवा, किती माणसं पळाली, कधी विझला. मी पानं उलटत गेले आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून ते जूनचा पाऊस लागेपर्यंत पानंच्या पानं भरलेली, ऑक्टोबर-नोव्हेंबर कोरे कारण तेव्हा भात आणि नाचणीची काढणी, तुम्ही म्हणालात तेव्हा तर गावात माणूसच सापडणार नाही. जंगलाच्या धोरणावर बोलायला जगभरातली माणसं बोलावली आणि नेमकी अशा वेळी की जंगलात राहणारा एक माणूस पण यायला मोकळा नाही, हे आमच्यातल्या एकालाही सुचलं नव्हतं तात्या. मी तिथंच फोन लावला, रेंज नव्हती, मग खाली लाँचपाशी येऊन लावला. तारीख जानेवारीवर न्यायला तीन आठवडे गेले, हॉलवाल्यांनी अॅडव्हान्सचे पैसे कापले, पण नेली.

दुसरी गोष्ट शब्दाची. माझ्या कागदावर सगळीकडे 'शाश्वत वन व्यवस्थापन' लिहिलेलं. तुम्ही विचारलंत, "शाश्वत म्हंजे? देव असतो तसं?" मी समजावत बसले, म्हणजे आजही वापरायचं, पण पुढच्यांना पण उरलं पाहिजे, जंगल संपू द्यायचं नाही वगैरे. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मंग पुरवून खायचं म्हण की." मी इतकी वर्षं या विषयात काम करतेय, भाषांतरं केलीत, रिपोर्ट लिहिलेत, आणि माझ्या आजीच्या तोंडचा शब्द मला या कामासाठी कधी आठवला नव्हता. आमच्या मराठी कागदात आता 'पुरवून वापर' असंच आहे. एकदोघांनी नाक मुरडलं, फार घरगुती वाटतं म्हणाले, मी बदललं नाही.

आणि मग ते तीन टक्के. युनोने 2017 मध्ये जंगलांसाठी 2030 पर्यंतचा आराखडा मंजूर केलाय, त्यात सहा उद्दिष्टं आहेत आणि पहिल्यातच जगाचं वनक्षेत्र तीन टक्क्यांनी वाढवायचं म्हटलंय, हे मी तुम्हाला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तुम्ही विचारलंत, जंगल मोजतात कसं? मी सांगितलं की एफएओच्या, म्हणजे युनोच्या अन्न आणि शेती संघटनेच्या, व्याख्येत अर्धा हेक्टरपेक्षा मोठी जागा, पाच मीटरच्या वर वाढणारी झाडं आणि दहा टक्क्यांपेक्षा जास्त जमीन झाडांच्या छत्राखाली. आपल्याकडच्या फॉरेस्ट सर्व्हेत पण एक हेक्टर आणि दहा टक्के छत्र असंच धरतात. तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत. मग म्हणालात, "मंग आमचा सडा कशात?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या खडकाचं सपाट रान. कास हा त्यातलाच, 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या 39 जागा जागतिक वारसा झाल्या त्यांतली एक. आपल्या जिल्ह्याची मान ज्यामुळे ताठ होते ते रान या मोजणीत उघडी जागा. आणि तुम्ही पुढचं जे बोललात ते तर मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होते, की उद्या कुणी त्या सड्यावर खड्डे खणून उंदीरमारी लावली तर कागदावर जंगल वाढलं म्हणायचं, आणि फुलं गेली, गवत गेलं, ते कुठल्या कागदावर येणार? उंदीरमारी म्हणजे गिरिपुष्प. भराभर वाढतं म्हणून कितीतरी टेकड्यांवर लावलेलं आपण सगळ्यांनी बघितलंय. झाडं लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, मी स्वतः कॉलेजात असताना उत्साहाने लावलीत, म्हणून तर तुमचा प्रश्न जास्त लागला. त्या प्रश्नावर आम्ही पुण्यातल्या दुसऱ्या दिवसाचं अख्खं सकाळचं सत्र ठेवलं.

चौथ्या दिवसाच्या आदल्या रात्री काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे. ज्यांनी गाड्या द्यायचं कबूल केलं होतं त्यांनी साडेनऊला फोन करून हात वर केले. चौतीस पाहुणे साताऱ्यातल्या हॉटेलात, सकाळी सातला निघायचंय, मी अक्षरशः रडकुंडीला आलेले. तुम्ही फक्त एवढंच विचारलंत की माणसं किती, आणि सकाळी पावणेसातला मेढ्याहून वडापच्या पाच जीप हॉटेलसमोर उभ्या. ड्रायव्हर लोकांनी जादा एक रुपया घेतला नाही, तात्यांनी सांगितलंय म्हणाले.

त्या दिवसाचं मी पुन्हा पुन्हा सांगत असते. जानेवारीतला सडा, फुलाचा मागमूस नाही, नुसता काळा-तांबडा खडक आणि वाळलेलं गवत. पाहुणे जरा गोंधळलेच होते, हे काय दाखवायला आणलं म्हणून. तुम्ही उकिडवे बसलात आणि खडकाच्या एका बोटभर खाचेतली चिमूटभर माती उचलून तळहातावर घेतलीत. त्यात हरभऱ्यापेक्षा लहान एक कंद होता आणि मोहरीहून बारीक बी. "ह्ये झोपल्यात. पयला पाऊस पडला की उठत्यात. वर गाडीचं चाक गेलं की मेलं." मी इंग्रजीत सांगेपर्यंत त्या फिनलंडच्या बाई गुडघ्यावर बसून तुमचा हात बघत होत्या. नंतर तुम्ही ती माती, कंद, सगळं परत त्याच खाचेत ठेवलंत आणि बोटाने दाबलंत. मी हे कितीही चांगलं प्रेझेंटेशन करून दाखवू शकले नसते.

मग जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला आधीच मोकळा करून ठेवलेला पट्टा. पोरं गवत कापून पट्टा काढत होती आणि दव उतरायच्या आत, वारा पडलेला असताना, तो कापलेला पट्टा जाळून घेत होती, दोन्ही बाजूंना जांभळाचे हिरवे डहाळे हातात घेऊन माणसं उभी. केनियाचे ते उंच गृहस्थ विचारत होते की आगीपासून वाचवायला आग का लावता, तर तुम्ही म्हणालात की वणव्याला भूक असते, त्याच्या वाटेवरचं आपण आधीच संपवून ठेवायचं. नेपाळच्या ताईंनी विचारलेला प्रश्न मला जास्त आवडला. त्यांच्याकडे 1993 च्या कायद्याने गावांच्या गटांकडे जंगलं सोपवलीत, बावीस हजारांवर गट आहेत, आणि त्या विचारत होत्या की वणवा लागला तर आधी कोण पळतं, गाव की डिपार्टमेंट? तुम्ही: "जो जवळ असंल त्यो." त्या खूप हसल्या, म्हणाल्या आमच्याकडे पण हेच. मग तुम्ही दोघं दुभाष्याशिवाय बराच वेळ बोलत होता, कसं ते मला अजून कळलेलं नाही.

काकूंनी केलेली नाचणीची भाकरी, पिठलं आणि खर्डा, त्यावर घरचं तूप, याबद्दल वेगळं पत्र लिहायला पाहिजे. इंडोनेशियाच्या मुलाने खर्डा तीनदा मागितला, काकूंना सांगा.

काय साधलं, हे तुम्ही फोनवर विचारलं होतंत. मीटिंगच्या शेवटच्या निवेदनात एक परिच्छेद आलाय, की गवताळ रानं आणि सडे यांच्यावर झाडं लावून वनक्षेत्र वाढल्याचं दाखवू नये, त्यांची नोंद वेगळी व्हावी, आणि वणव्याच्या धोरणात गावातल्या लोकांच्या नोंदी धराव्यात. हा काही कायदा नाही तात्या, कुणावर बंधनकारक नाही. पण ती माणसं आपापल्या देशात जाऊन हे पुढं मांडणार आहेत, दोघांची तशी पत्रंही आलीत. मराठी प्रत छापून झालीय, तुमच्यासाठी मोठ्या अक्षरात काढलीय.

वहीची सगळी पानं स्कॅन करून घेतली. शिवण एका जागी उसवली होती ती आईने नीट घातलीय, तोच पांढरा दोरा मिळाला नाही म्हणून जरा जाड आहे. येत्या रविवारी बामणोलीच्या सकाळच्या एसटीने येते, वही, छापील प्रत आणि काकूंसाठी कंदी पेढे घेऊन. नातवाला लाँचपाशी थांबायला सांगा.