हार्ट अटॅकनंतर घरी आल्यावर पुढं काय, हे कोण सांगणार?

संपादक साहेब, नमस्कार.

29 सप्टेंबरला जागतिक हृदय दिन होता तेव्हा तुमच्या पेपरात हार्ट अटॅकची लक्षणं कशी ओळखायची यावर पानभर माहिती आली होती. चांगली होती, मी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीय. पण ज्यांना अटॅक येऊन गेलाय त्यांचं पुढं काय होतं ते कुठंच येत नाही, म्हणून मीच लिहायला बसले. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

माझं वय 53, घरीच शिवणकाम करते. दोन वर्षांपूर्वी श्रावणात पहाटे जबडा आणि पाठ दुखायला लागली, दरदरून घाम आणि मळमळ. छातीत तसं काही नव्हतं म्हणून पित्त समजून सोडा प्यायले आणि तीन तास असेच घालवले. मग ईसीजी, अँजिओग्राफी, हृदयाची एक नळी पूर्ण बंद, ती उघडी ठेवायला स्टेंट (बारीक जाळीची नळी) टाकला आणि चौथ्या दिवशी डिस्चार्ज. खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाला, नाहीतर आमची ऐपत नव्हती. डॉक्टरांनी जीव वाचवला, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

खरा प्रश्न घरी आल्यावर सुरू झाला. हातात इंग्रजीतली फाईल, सात गोळ्या आणि "दगदग करू नका, टेन्शन घेऊ नका" एवढं एक वाक्य. आता दगदग म्हणजे काय हो? कणीक मळणं दगदग आहे का, पायाची मशीन चालवणं आहे का, पाण्याची कळशी उचलायची का नाही? जाऊबाई म्हणाल्या तीन महिने पडून राहा, शेजारच्या काकू म्हणाल्या पडून राहिलीस तर अजून खचशील, आणि भेटायला येणारा प्रत्येक माणूस कोण कसं अचानक गेलं तेच सांगून जायचा.

रात्र तर नको वाटायची. डाव्या कुशीवर झोपलं की उशीत कानाला ठोके ऐकू यायचे आणि मी ते मोजत बसायची, आता पुढचा पडतोय का नाही. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी मुठीत धरून झोपायची, सकाळी घामानं पाकीट ओलं झालेलं असायचं. मिस्टर पण जागेच असायचे, पण दोघंही झोपेचं सोंग घ्यायचो. दिवसा उगाच रडू यायचं, सुईत दोरा ओवायला घेतला तरी हात थरथरायचा. मला वाटायचं मीच मनानं कच्ची. वर्षभरानं एका डॉक्टर बाईंनी सांगितलं की अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला डिप्रेशन येतं, त्याच्यावर उपचार आहेत, आणि ते तसंच राहिलं तर तब्येतीवरही परिणाम होतो. हेच डिस्चार्जच्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर?

माझं नशीब की भाचीसून पुण्याला फिजिओथेरपिस्ट आहे. तिनं व्हिडिओ कॉलवर शिकवलं. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, चालता चालता बोलता आलं पाहिजे, वाक्य तुटायला लागलं की वेग कमी, छातीत दुखलं की लगेच थांबायचं आणि कळवायचं. हृदयाची जखम भरून यायला सहा ते आठ आठवडे लागतात म्हणून तोवर जड उचलायचं नाही. आमच्या गल्लीत मारुतीच्या देवळापर्यंत विजेचे नऊ खांब आहेत. पहिल्या दिवशी दुसऱ्या खांबाला टेकून उभी राहिले आणि मिस्टर मागून खुर्ची घेऊन आले. देवळाला हात लावला तो एकोणिसाव्या दिवशी. तिसऱ्या महिन्यात परत मशीनवर बसले.

याला कार्डियाक रिहॅब म्हणतात आणि ते काही नवीन फॅड नाही. पूर्वी अटॅकनंतर माणसाला कित्येक आठवडे पलंगावरच ठेवायचे, 1952 मध्ये बॉस्टनच्या लेव्हिन आणि लाऊन या डॉक्टरांनी पेशंटला खुर्चीत बसवलेलं चांगलं असं छापून मांडलं. आपल्याच देशात 24 हॉस्पिटलांतल्या 3,959 पेशंटवर योगावर आधारित रिहॅबचा अभ्यास झाला, तो 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. दुसरा अटॅक किंवा मृत्यू त्यानं नक्की कमी होतात असं त्यात सिद्ध झालं नाही, पण माणसांना बरं वाटलं आणि ती आपल्या आधीच्या कामांना जास्त चांगली परतली. आमच्यासारख्यांना तेच तर हवंय.

आता आम्ही सहा जण रोज सकाळी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर चालतो, सगळे स्टेंटवाले किंवा बायपासवाले. त्यातल्या भाजीवाल्या दादांनी बरं वाटतंय आणि हिरड्यातून रक्त येतंय म्हणून सातव्या महिन्यात रक्त पातळ करायची गोळी स्वतःच बंद केली. स्टेंटमध्ये गुठळी झाली आणि दुसरा अटॅक. ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही सोडायची नाही, हे त्यांना ठणकावून कुणी सांगितलंच नव्हतं. अजून एक, लाज वाटते पण लिहिते. नवरा-बायकोचे संबंध परत कधी ठेवायचे हे कुणीच विचारत नाही, भीतीनं वर्षं जातात. दोन मजले जिने न थांबता, न धापता चढता आले तर बहुतेकांना हरकत नसते, पण पुरुष संबंधांसाठी ज्या ताकदीच्या गोळ्या घेतात त्या सॉर्बिट्रेटबरोबर जिवावर बेतू शकतात. म्हणून तरी विचारा.

2017 मध्ये सरकारनं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली, औषधवाला स्टेंट लाखाच्या वरून 29,600 रुपयांवर आला. एवढं होऊ शकतं तर पुढच्या तीन महिन्यांचं पण होऊ शकतं. डिस्चार्जबरोबर मराठीत एक कागद द्या, कोणत्या आठवड्यात काय करायचं, काय नाही. उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस फिजिओ आणि समुपदेशक बसवा. योजनेच्या पॅकेजमध्येच हे धरा.

आणि तुम्हाला विनंती, अशा पेशंटचे अनुभव दर आठवड्याला छापा, बायकांचे तर नक्की, कारण आम्ही आठव्या दिवशी चुलीपुढं उभ्या असतो. आमच्या ग्रुपातले सगळे तयार आहेत. भाजीवाल्या दादांना लिहिता येत नाही, ते सांगतील आणि मी लिहून घेईन.

आपली,
एक वाचक, कऱ्हाड