यादी विकत घेऊ नका, डोमेन मात्र आपल्या नावावर घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘एक लाख ईमेल पत्ते आणि ते पाठवायचे सॉफ्टवेअर, सगळे मिळून दीड-दोन हजारांत’ अशा जाहिराती छोट्या व्यावसायिकांच्या मोबाइलवर सारख्या येत असतात. चप्पल लाईनमधला दुकानदार असो, गुजरीत साज घडवणारा असो किंवा घरगुती कांदा-लसूण चटणी कुरिअरने पुण्या-मुंबईला धाडणाऱ्या ताई असोत, कुणीही या जाहिरातींना भुलू नये. पण त्या पायी ईमेलचा मार्गही सोडू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

कोल्हापूरच्या बाजाराला ईमेलची गरज जरा जास्तच आहे. अंबाबाईच्या दर्शनाला आलेले कुटुंब महाद्वार रोडवर दोन जोड पायताण घेते, चार भेल्या गूळ घेते आणि संध्याकाळी परतीच्या गाडीला लागते. माल आवडला तरी पुन्हा मागवायचा कुणाकडून, हे सहा महिन्यांनी त्यांना आठवत नाही. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट २५६ जणांवर थांबते आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज पोचतच नाही. वाटसरू गिऱ्हाईक नंबर कशाला सेव्ह करेल?

मग बहुतेक जण घरच्या जीमेलवरून सुरुवात करतात. सगळे पत्ते बीसीसीत, म्हणजे एकमेकांना न दिसणाऱ्या रकान्यात, टाकायचे आणि पाठवून द्यायचे. जीमेलच्या फुकट खात्यातून दिवसाला ५०० जणांपर्यंतच मेल जातो. मर्यादा ओलांडली की चोवीस तासांपर्यंत पाठवणे बंद होते आणि त्यात रोजची बिले, कोटेशनही अडकतात. घाईत पत्ते बीसीसीऐवजी सीसीत पडले, तर सगळ्या गिऱ्हाइकांचे पत्ते एकमेकांना उघडे पडतात. शिवाय कुणाला मेल नको असेल तर नाव कमी करायची सोय नाही.

म्हणून एकगठ्ठा मेल पाठवायचे टूल लागतेच. पण कोणते, हा प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न डोमेनचा, दुसरा यादीचा.

डोमेन म्हणजे दुकानाच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता. डॉट इन प्रकारचे साधे डोमेन वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आत मिळते. ते आपल्या नावाने, आपल्या ईमेलवर, आपल्या पासवर्डने घ्यावे. वेबसाइट करून देणारा मुलगा अनेकदा ते स्वतःच्या खात्यात घेतो. पुढे त्याचा फोन लागत नाही आणि दुकानाच्या नावाची किल्ली त्याच्याकडेच राहते. आज वेबसाइट असेल तर डोमेन कुणाच्या खात्यात आहे, हे आजच विचारून घ्यावे.

जीमेलचा पत्ता तसाच ठेवून ब्रेव्हो किंवा मेलचिंपसारख्या टूलमधून मेल पाठवला, तर वर नाव जीमेलचे आणि येणे भलत्याच सर्व्हरवरून, असा प्रकार होतो. घेणाऱ्या सर्व्हरला तो तोतया वाटतो. गुगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून यावर नियम कडक केले. दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क ही ओळख पटवणारी तिन्ही रेकॉर्ड लागतात. छोट्यांना पहिल्या दोनपैकी एक पुरते, पण तिन्ही करून ठेवणे अर्ध्या तासाचे काम आहे.

एसपीएफ म्हणजे आपल्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे त्याची यादी. डीकेआयएम म्हणजे मेलवरची मोहोर. डीमार्क म्हणजे या दोन्ही तपासण्या फसल्या तर काय करावे याची सूचना. सुरुवातीला ती ‘नुसते कळवा, अडवू नका’ अशीच ठेवावी. टूलमध्ये डोमेन पडताळणीचे पान असते. तिथे दिलेल्या ओळी कॉपी करायच्या आणि डोमेनच्या डीएनएस पॅनेलमध्ये, म्हणजे डोमेनच्या सेटिंगच्या पानावर, चिकटवायच्या. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली अशी की अनेक पॅनेल ‘होस्ट’च्या रकान्यापुढे डोमेनचे नाव आपोआप जोडतात. आपणही पूर्ण नाव लिहिले की ते दोनदा लागते, रेकॉर्ड भलत्या जागी बसते आणि टूल ‘सापडले नाही’ म्हणत राहते. दुसरी चूक म्हणजे ऑफिसच्या मेलसाठी एसपीएफ आधीच असताना टूलसाठी दुसरे टाकणे. एका डोमेनला एसपीएफ एकच हवे. दोन झाली की दोन्ही बाद. नव्या टूलचे नाव जुन्याच ओळीत घालावे. बदल लागू व्हायला कधी दहा मिनिटे, कधी दोन दिवस लागतात. तेवढ्यात घाबरून पुन्हा पुन्हा बदलू नये. शेवटी स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवावा, संगणकावर तो उघडून तीन टिंबांतून ‘शो ओरिजनल’ दाबावे. तिन्ही नावांपुढे ‘पास’ दिसले की काम झाले.

आता यादी. विकतच्या यादीत मेलेले पत्ते असतात आणि स्पॅम पाठवणाऱ्यांना पकडण्यासाठी मुद्दाम ठेवलेले सापळ्याचे पत्तेही असतात. टूलवाले पहिल्याच फेरीला खाते बंद करू शकतात आणि नव्या डोमेनचे नाव खराब होते ते वेगळेच. तक्रारींचा हिशोब पाहा. ‘स्पॅम’ बटण दाबणाऱ्यांचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहावे, शक्यतो ०.१ च्याही खाली, असे गुगल सांगते. तुम्ही ३०० जणांना मेल पाठवला आणि एकाने बटण दाबले, तर झाले ०.३३ टक्के. म्हणून ‘यादीतून नाव काढा’ ही लिंक ठळक ठेवावी. ती सापडली नाही की माणूस वैतागून स्पॅमच दाबतो.

आपली यादी काउंटरवर तयार होते. बिलाशेजारी क्यूआर कोडची पाटी ठेवा. त्यातून उघडणाऱ्या फॉर्मवर नाव, ईमेल आणि एक स्पष्ट वाक्य: ‘नवीन माल आणि हंगामाची खबर महिन्यातून एकदा ईमेलने मिळावी.’ खूण गिऱ्हाइकाने स्वतः करायची; आधीच केलेली ठेवू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात हीच अपेक्षा आहे. संमती मोकळी आणि स्पष्ट हवी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही. संमतीची सूचना मराठीतून वाचायची सोयही त्या कायद्याने दिली आहे, तिचा उपयोग करावा. वहीत हाताने पत्ते लिहून घेतले तर जीमेलचे स्पेलिंग उलटसुलट होते, ‘डॉट कॉम’चे ‘डॉट कॉन’ होते. त्यासाठी टूलमधला ‘डबल ऑप्ट-इन’ सुरू ठेवावा. पत्त्यावर एक मेल जातो, त्यातली लिंक दाबली तरच नाव यादीत चढते. यादी थोडी लहान होते, पण राहते ती पक्की.

टूलकडे वळू. फुकट पॅकेजच्या अटी बदलत राहतात, म्हणून खाते उघडण्याआधी किमतीचे पान स्वतः वाचावे. ब्रेव्हो, म्हणजे पूर्वीचे सेंडिनब्लू, फुकटात दिवसाला ३०० मेल देते. यादी ८०० ची असेल तर एक मेल सगळ्यांना जायला तीन दिवस. हळूहळू पाठवायच्या पत्राला हे चालते, ‘उद्या शेवटचा दिवस’ अशा मेलला नाही. मेलचिंप सगळ्यांच्या तोंडी आहे, पण त्याची फुकट मर्यादा पूर्वी २,००० संपर्कांची होती ती बरीच आवळली गेली. शिवाय यादीतून बाहेर पडलेली माणसेही अर्काइव्ह करेपर्यंत, म्हणजे आपण बाजूला काढून ठेवेपर्यंत, मोजणीत धरली जातात. मेलरलाइटचा एडिटर नवख्याला सर्वांत सोपा वाटतो. चेन्नईच्या झोहोचे झोहो कॅम्पेन्स फुकटात २,००० संपर्क आणि महिन्याला ६,००० मेल देत आले आहे, म्हणजे पूर्ण यादीला महिन्यातून तीनदा. त्याचे बिल रुपयांत होते, आणि हा मुद्दा किरकोळ नाही. डॉलरमधल्या बिलावर बँकेचा परकीय चलनाचा आकार लागतो आणि भारतीय कार्डावरून परदेशी सेवेचे दरमहा आपोआप पैसे जाणे अनेकदा फसते. पैसे अडकले की खाते थांबते, तेही नेमके दिवाळीच्या तोंडावर. पहिल्याच वेळी हात घालणाऱ्या कोल्हापूरच्या दुकानदाराने झोहो किंवा मेलरलाइट घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणतेही घेतले तरी यादी दर महिन्याला सीएसव्हीमध्ये, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये, उतरवून आपल्याकडे ठेवावी. खाते बंद पडले तरी गिऱ्हाईक हातचे जात नाही.

मेलच्या तळाशी टपालाचा पत्ता लागतो. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यामुळे तिथली टूल तो सक्तीने मागतात. घरून धंदा करणाऱ्या महिलांनी घराचा पत्ता न देता पोस्ट बॉक्स घ्यावा.

मराठी मजकुराच्या काही खास अडचणी आहेत, त्या परदेशी मार्गदर्शनात सापडत नाहीत. डीटीपीवाल्याने श्रीलिपीच्या जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेला मजकूर मेलमध्ये चिकटवला की समोरच्याला चित्रविचित्र अक्षरे दिसतात. सगळीकडे सारखेच दिसणारे युनिकोडच हवे. एक्सेलमधली यादी साध्या सीएसव्हीत सेव्ह केली की मराठी नावांची प्रश्नचिन्हे होतात. सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडावे. दिवाळीचे रंगीत पोस्टर एकाच चित्राच्या रूपात पाठवायची तर आपल्याकडे रीतच पडली आहे. चित्रे बंद असलेल्या मेलमध्ये ते कोरे दिसते. भाव, तारीख, फोन नंबर अक्षरांतच लिहावेत. मेलचा कोड १०२ केबीच्या वर गेला तर जीमेल तो मध्येच कापते आणि नाव कमी करायची लिंक नेमकी खाली, कापलेल्या भागात जाते.

मेल कसा असावा? गूळवाल्याचा विषय: ‘नव्या हंगामाची पहिली काहील उतरली’. आत चार ओळी: कोणत्या गुऱ्हाळाचा गूळ, भेली अर्ध्या किलोची की एक किलोची, कुरिअरसह भाव, कोणत्या तारखेपर्यंत मागवला तर संक्रांतीआधी पोचेल. एक फोटो, एक बटण. चपलेच्या दुकानाने विक्रीनंतर आठवड्याने आपोआप जाणारा मेल लावावा: कातडे भिजू देऊ नका, भिजलेच तर उन्हात नको, सावलीत वाळवा, मग तेलाचा हात फिरवा. हा मेल काही विकत नाही, पण गिऱ्हाईक तो जपून ठेवते आणि पुढच्या खरेदीला त्यातलाच पत्ता शोधते. ‘नोरिप्लाय’ पत्त्यावरून कधीच पाठवू नये. ‘आठ नंबरचा जोड आहे का?’ असे उत्तर आले तर ते कुणीतरी वाचायला हवे.

पहिली फेरी ओळखीच्या पन्नास-शंभर गिऱ्हाइकांनाच पाठवावी, मग यादी वाढवत न्यावी. आणि ‘किती जणांनी उघडला’ या आकड्यावर फार विसंबू नये. सप्टेंबर २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये प्रायव्हसीची सोय सुरू असली की माणसाने न वाचताही मेल उघडल्याची नोंद होते. किती जणांनी बटण दाबले आणि किती ऑर्डर आल्या, तेवढेच मोजावे.

शहरातल्या व्यापारी आणि उद्योजक संघटनांना आपल्या दैनिकामार्फत एक विनंती आहे. भाषणांच्या कार्यशाळेऐवजी अर्ध्या दिवसाची अशी बैठक ठेवा, जिथे दुकानदार आपले डोमेन आणि लॅपटॉप घेऊन येईल आणि तिन्ही रेकॉर्डपुढे ‘पास’ पाहूनच उठेल. एका वेळी वीस जण पुरेत. गुऱ्हाळे पेटायच्या आत, दसऱ्याच्या सुमारास ती झाली तर या हंगामाचा पहिला मेल वेळेवर जाईल.

आपला,
एक वाचक
राजारामपुरी, कोल्हापूर