मार्क आहेत, कागद नाही म्हणून सीट जाऊ नये: बारावीनंतरच्या प्रवेशांसाठीच्या मदत केंद्रासाठी आवाहन

कोल्हापूरकर बंधू-भगिनींनो,

इंजिनिअरिंग, फार्मसी, ॲग्रीकल्चरचे प्रवेश कॅप राऊंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून होतात. तिथे सीईटीच्या पर्सेंटाइलइतकेच वजन दाखल्यांना असते. राखीव प्रवर्गाचा कागद वेळेत नसेल तर फॉर्म ओपनमध्ये जातो आणि हातातोंडाशी आलेली सीट दुसऱ्याला मिळते. शहरात क्लास लावलेल्या मुलांना हे सांगणारे कोणीतरी असते. चंदगड, भुदरगड, गगनबावडा, शाहूवाडीकडच्या मुलांना नेट कॅफेवाला सांगेल तेच खरे. अशा मुलांसाठी आमचे मंडळ शिवाजी पेठेतील हॉलमध्ये मे ते ऑगस्ट या काळात विनामूल्य प्रवेश मदत केंद्र चालवणार आहे. त्यासाठी माणसे हवीत, यंत्रे हवीत आणि पैसेही हवेत.

सगळ्यात आधी हात घालायचा तो जात पडताळणीला. प्रांत कार्यालयातून जातीचा दाखला मिळाला की काम झाले, असे पुष्कळ पालकांना वाटते. प्रवेशाला लागते ती व्हॅलिडिटी, म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. ती जिल्हा जात पडताळणी समिती देते आणि तिचे कार्यालय विचारे माळावरच्या सामाजिक न्याय भवनात आहे. अर्ज ऑनलाइन भरायचा, प्रिंट काढायची, नमुना १५-अ वर कॉलेजचा सही-शिक्का घ्यायचा, वंशावळीचे नमुना ३ चे आणि नमुना १७ चे शपथपत्र जोडायचे, इथपर्यंत कोणीही करेल. गाडी अडते ती पुराव्यावर. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणजे आजोबांचा, कधी पणजोबांचा. वडिलांची किंवा सख्ख्या चुलत्यांची व्हॅलिडिटी असेल तर काम बरेच हलके होते. नसेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि तहसीलमधली जन्म-मृत्यूची नोंद शोधावी लागते. उताऱ्यात ‘बाळू ज्ञानू’ असते, सातबाऱ्यावर ‘बाळासाहेब ज्ञानदेव’ असते आणि वंशावळीत तिसरेच काही लिहिलेले असते. मग समितीकडून त्रुटी निघते आणि प्रकरण लांबत जाते. म्हणून हे काम अकरावीतच सुरू व्हायला पाहिजे. बारावीच्या निकालानंतर पळापळ करून ते वेळेत होईल, याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

जुन्या नोंदी कितीतरी वेळा मोडी लिपीत सापडतात. कोल्हापुरात मोडी वाचणारी मंडळी आहेत. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ दिली तरी नोंद नेमकी कोणाची, हे अर्ज भरण्याआधी कळेल. महसूल खात्यातून निवृत्त झालेल्यांनाही आमची हात जोडून विनंती आहे. कोणता उतारा कोणत्या टेबलावर मिळतो हे तुम्हाला जितके ठाऊक आहे तितके दुसऱ्या कोणाला नाही.

बाकीच्या दाखल्यांत घोटाळा होतो तो तारखेचा आणि नमुन्याचा. नॉन-क्रिमीलेअर (उन्नत गटात नसल्याचा दाखला) २०२६-२७ च्या प्रवेशासाठी ३१ मार्च २०२७ पर्यंत वैध असले पाहिजे; गेल्या वर्षी भावासाठी काढले तेव्हाचे उत्पन्न धरून चालत नाही. ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) राज्याचा नमुना वेगळा आणि केंद्राचा वेगळा, त्यामुळे आयआयटी-एनआयटीलाही अर्ज करणाऱ्यांनी दोन्ही काढून ठेवावेत. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची पूर्ण शिक्षण फी आणि परीक्षा फी शासन भरते. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे आणि प्रवेश कॅपमधूनच झालेला हवा. हे माहीत नसल्यामुळे घाईने मॅनेजमेंट कोट्यात मुलीचे नाव घालणारे पालक ही सवलत घालवून बसतात. ही एक गोष्ट तरी प्रत्येक घरात पोहोचली पाहिजे.

स्कॅनर का मागतो, तेही सांगतो. मोबाइलने काढलेल्या फोटोत ट्यूबलाइटची सावली पडते, एक कोपरा कापला जातो, गोल शिक्का काळा ठिपका होऊन येतो. तपासणीत असा फॉर्म रिव्हर्ट येतो आणि मुदतीत दुरुस्त करून परत पाठवावा लागतो. रिव्हर्ट आल्याचा मेसेज मात्र कॅफेवाल्याच्या मोबाइलवर गेलेला असतो, कारण नोंदणी करताना त्याचाच नंबर टाकलेला असतो. आमच्या केंद्रात नंबर आणि ईमेल विद्यार्थ्याचाच राहील, पासवर्ड तो स्वतःच्या वहीत लिहील आणि शेवटचे बटणही तोच दाबेल. कोणत्याही स्वयंसेवकाने कोणाचा ओटीपी विचारायचा नाही. हा नियम कडक आहे.

खरी कसोटी ऑप्शन फॉर्मला, म्हणजे कॉलेज-शाखांची पसंतीक्रमाने यादी भरताना लागते. यात ३०० पर्यंत पर्याय भरता येतात, आणि एकाच कॉलेजच्या एकाच शाखेला दोन कोड असू शकतात. शेवटी ‘टी’ असलेला कोड टीएफडब्ल्यूएसचा, म्हणजे शिक्षण फी माफ असलेल्या जागेचा. पात्र असूनही तो कोड न भरल्याने पूर्ण फी भरावी लागते. क्रम मनातल्या इच्छेप्रमाणे लावायचा. ‘इथे आपला नंबर लागणारच नाही’ म्हणून आवडते कॉलेज खाली ढकलणे ही सगळ्यात महागात पडणारी चूक. २०२५ च्या नियमांप्रमाणे पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला, दुसरीत पहिल्या तिनांपैकी, तिसरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला, तर सीट आपोआप फ्रीझ होते, म्हणजे तीच घ्यावी लागते. ती नाकारली तर पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून पहिल्या सहा ओळींवर मुलाशी आणि पालकांशी निवांत बोलणारे, शाखांची माहिती असलेले इंजिनिअर आणि प्राध्यापक हवे आहेत. एका मुलाला निदान तासभर द्यावा लागेल.

या तारखा बहुधा जुलै-ऑगस्टच्या पावसातच येतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे निघाली की सगळ्यांचे लक्ष पाण्याकडे, आणि मांडुकलीला रस्त्यावर पाणी आले की गगनबावड्याचा रस्ता बंद. लाइट नाही, रेंज नाही आणि सीट स्वीकारायची मुदत उद्या संध्याकाळची. अशा वेळी फोनवरून मार्गदर्शन करायला आणि गावातल्याच एखाद्या चालू इंटरनेटपर्यंत मुलाला पोहोचवायला प्रत्येक तालुक्यात दोन माणसे लागतील. निपाणी-बेळगावकडच्या सीमाभागातील ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठीही कॅपमध्ये वेगळी तरतूद आहे. त्यांच्यासाठी कागलला एक गट उभा करायचा आहे.

आम्हाला लागणाऱ्या वस्तू: फ्लॅटबेड स्कॅनर २, चालू स्थितीतले लॅपटॉप ४, लेझर प्रिंटर १, बॅटरीसह इन्व्हर्टर १, ए-फोर कागदाची २० रिमे. जुना लॅपटॉप चालेल, पण त्याची बॅटरी तासभर तरी टिकावी. गरजू विद्यार्थ्यांसाठी प्रत्येकी ₹२,५०० चा निधी धरला आहे. त्यात नोंदणी शुल्क, ₹१,००० सीट स्वीकृती शुल्क, शपथपत्रे आणि एसटीचे भाडे येते. शुल्क आम्ही थेट पोर्टलवर भरू, रोख कोणाच्या हाती देणार नाही. यंदा १०० मुलांचे उद्दिष्ट आहे, म्हणजे ₹२,५०,०००. पूर्ण रक्कमच द्यावी असे नाही. एका मुलाचे स्वीकृती शुल्क दिलेत तरी एक सीट राहील.

देणगी मंडळाच्या नावे चेकने किंवा कार्यालयात क्यूआर कोडवर द्यावी आणि पावती घेऊनच जावे. जमा-खर्च दर महिन्याच्या १ तारखेला हॉलच्या फलकावर लागेल. स्वयंसेवकांची नावनोंदणी रोज संध्याकाळी ६ ते ९, प्रशिक्षण एप्रिलच्या चारही रविवारी सकाळी १० वाजता. अकरावीतल्या मुलांच्या व्हॅलिडिटीचे काम मात्र मे महिन्यापर्यंत थांबवणार नाही. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी आजोबांचा शाळेचा दाखला, जुना उतारा, जे काही असेल ते घेऊन येत्या शनिवारीच यावे.